बिनवकालतनाम्याचे वकील

तालुक्याच्या कोर्टात दोन जातींचे वकील असतात. एक कागद वाचतो, दुसरा छत हादरवतो. गर्दी कायम दुसऱ्याकडे. दावा हरला तरी पक्षकार घरी जाऊन अभिमानानं सांगतो, “निकालाचं जाऊ द्या हो, पण आपले वकीलसाहेब बोलले काय!” मग शेताचा उरलेला तुकडा विकून अपिलाची फी भरतो.

लातूर पॅटर्न म्हटलं की हल्ली नीटचे गुण आणि क्लासच्या पाट्या डोळ्यांपुढे येतात. पण या दुसऱ्या जातीतला सर्वांत गाजलेला वकील आमच्याच गावानं दिला, हे आम्ही पाहुण्यांना सहसा सांगत नाही. सय्यद कासीम रझवी. जन्म १९०२, शिक्षण अलीगढला, वकिली लातुरात. लातूर तेव्हा निजामाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं व्यापाराचं गाव. १९१७ साली बांधलेली गंजगोलाई, तिला येऊन मिळणारे रस्ते, आडत, आणि बार्शी लाईटची ती अरुंद रुळांवरची छोटी गाडी. कोर्टाची भाषा उर्दू, म्हणजे नुसती तारीख मागितली तरी शेर म्हटल्यासारखं वाटावं. बोलायची हौस असलेल्या माणसाला याहून सोयीची जागा कुठली?

एक गोष्ट मात्र आधीच कबूल केली पाहिजे. हा माणूस ढोंगी नव्हता. मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनचे नेते बहादूर यार जंग यांच्या हाकेला ओ देऊन त्यांनी आपली मालमत्ता मजलिसला देऊन टाकली आणि त्यावरून ‘सिद्दीक-ए-दकन’ हा किताब मिळवला, असं सांगतात. ढोंग्याचं एक बरं असतं, पाणी नाकाशी आलं की तो मुकाट्यानं मागे फिरतो. स्वतःच्या भाषणावर मनापासून विश्वास बसलेल्या माणसाला ती सोय नसते.

बहादूर यार जंग १९४४ मध्ये वारले. डिसेंबर १९४६ मध्ये मजलिसचं अध्यक्षपद रझवींकडे आलं आणि लातूरच्या वकिलाला आयुष्यातला सर्वांत मोठा पक्षकार मिळाला: खुद्द निजाम, मीर उस्मान अली खान. अडचण एवढीच की पक्षकारानं वकालतनामा दिला होता की नाही, हे शेवटपर्यंत कळलं नाही. निजाम स्वभावानं सावध. वकील चढ्या आवाजात बोलतोय आणि फी मागत नाही, म्हटल्यावर त्यांनी त्याला बसही म्हटलं नाही आणि ऊठही म्हटलं नाही.

वकीलसाहेबांचा पहिला मोठा युक्तिवाद २७ ऑक्टोबर १९४७च्या पहाटे झाला. भारत सरकारशी ‘जैसे थे’ कराराचा मसुदा ठरला होता, शिष्टमंडळ दिल्लीला निघणार होतं. इतक्यात मजलिसच्या हजारोंच्या जमावानं संस्थानचे पंतप्रधान छतारीचे नवाब आणि निजामाचे घटनातज्ज्ञ सर वॉल्टर मॉंक्टन यांच्या घरांना वेढा दिला. हे मॉंक्टन म्हणजे १९३६ मध्ये आठव्या एडवर्डच्या राज्यत्यागाचे कागद सांभाळलेले बॅरिस्टर. इंग्लंडच्या राजाला गादीवरून सुखरूप उतरवणाऱ्या माणसाला हैदराबादेत स्वतःच्या फाटकाबाहेर पडता येईना. शिष्टमंडळ बदललं, पंतप्रधान बदलले, मजलिसच्या मर्जीतली माणसं आली. महिनाभरानं, २९ नोव्हेंबरला, करारावर सह्या झाल्या. मसुदा जवळपास तोच. वकीलसाहेबांनी मात्र विजय साजरा केला.

१९४८च्या उन्हाळ्यापर्यंत आवाज आणखी चढला. लाल किल्ल्यावर निजामाचा आसफजाही झेंडा फडकेल, बंगालच्या उपसागराच्या लाटा आलाहजरतांचे पाय धुतील, अशी त्यांची भाषणं छापून आली. हैदराबादकडून इन्कारही झाला. पण मूळ भाषण गावोगाव पोचलं आणि इन्कार वाटेतच राहिला, हे काही नवीन नाही. संस्थानाला समुद्रकिनारा नव्हता, हा मुद्दा सभेत कोणी काढला नसावा. शिवाय लातूरहून दिल्लीला निघायचं तर आधी बार्शी लाईटनं कुर्डुवाडी गाठायला हवी, आणि कुर्डुवाडी तर मुंबई प्रांतात. म्हणजे लाल किल्ला जिंकायला निघालेल्या लातूरच्या रझाकारांनी, रझवींच्या निमलष्करी स्वयंसेवकांनी, आधी शत्रूच्या स्टेशनावर उतरून गाडी बदलायची होती.

हसू इथवरच येतं. कारण रझाकार नुसते बोलत नव्हते. गावं लुटली, जाळली, माणसं मारली. मराठवाड्यात आजही कुणी दांडगाई केली की म्हातारी माणसं “काय रझाकारी लावलीय” म्हणतात, ते उगीच नाही. रझाकारांविरुद्ध लिहिणारे ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबउल्ला खान यांना ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत रस्त्यावर गाठून ठार केलं, हात तोडले. त्या खटल्यातून रझवी अखेर सुटले.

१३ सप्टेंबरला भारतीय फौज सोलापूरच्या बाजूनं आत आली. नळदुर्ग पहिल्याच दिवशी पडलं. १७ तारखेला निजामांनी रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली, दुसऱ्या दिवशी सेनापती एल एद्रूस यांनी जनरल चौधरींपुढे शरणागती पत्करली. त्यानंतरच्या आठवड्यांत सूड सुरू झाला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. बहुतेक मुसलमान, आणि सर्वाधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांत आमचा उस्मानाबाद आणि शेजारचा नांदेड. वकीलसाहेबांची भाषणं ज्यांनी कधी ऐकलीही नव्हती, त्यांच्याकडून त्यांची फी वसूल झाली.

हा नमुना उष्ण हवेतच पिकतो असं मात्र समजू नये. फिनलंडमध्ये व्हिहतोरी कोसोला नावाच्या शेतकरी पुढाऱ्यानं १९३० साली बारा हजारांवर माणसं हेलसिंकीत नेऊन देश वाचवायचा विडा उचलला होता. १९३२ मध्ये त्याच्या चळवळीनं मँट्सेलेला बंडच पुकारलं. राष्ट्राध्यक्षांनी रेडिओवरून ‘घरी जा’ सांगितलं आणि बंडवाले पांगले. बर्फ असो की लातूरचा फुफाटा, या मंडळींचा दावा रेडिओवरच निकाली निघतो.

आमच्याकडे तर रेडिओवर दुसरा अंकही झाला. २३ सप्टेंबरला निजाम पुन्हा बोलले. सांगितलं असं की रझवींच्या टोळक्यानं हिटलरी पद्धतीनं राज्य बळकावलं होतं, आपण असहाय होतो. पक्षकारानं भर कोर्टात सांगावं की हा वकील माझा नव्हेच, तसं झालं. पुढे निजामांनी विरुद्ध बाजूशी रीतसर तडजोड केली आणि २६ जानेवारी १९५०ला ते भारतीय राज्यघटनेखालचे राजप्रमुख झाले, तनख्यासह. वकीलसाहेब तेव्हा गजाआड. पुढे बीबीनगरच्या खटल्यात सात वर्षांची सक्तमजुरी झाली. बीबीनगरच्या स्टेशनावर गावकऱ्यांनी गांधीजींचा जयजयकार केला म्हणून रझाकारांनी गाव लुटलं होतं. लाल किल्ल्यावर स्वारी करणाऱ्यावर शेवटी कलम लागलं ते दरोड्याचं.

सप्टेंबर १९५७ मध्ये ते सुटले, तेव्हा ज्या हैदराबाद संस्थानासाठी एवढा घसा बसवला, त्याचे वर्षभरापूर्वीच तीन तुकडे झाले होते. लातूर मुंबई राज्यात गेलं होतं. पक्षकार राजप्रमुखपदावरून मोकळा होऊन स्वस्थ बसला होता. सुटकेची अट ४८ तासांत पाकिस्तान गाठायची. रझवी कराचीला गेले आणि १९७० मध्ये तिथंच वारले. म्हणजे समुद्र शेवटी मिळाला, फक्त बाजू चुकली.

जाण्याआधी मजलिसचं दप्तर कोणाच्या तरी हाती देणं भाग होतं. ते त्यांनी अब्दुल वाहिद ओवैसी यांच्याकडे सोपवलं. तेही वकीलच.