कॅमेरा पोचला, कार्डं पाठवा

लीड्स,
14 सप्टेंबर 2025

ती. बाबा आणि ती. आई,

सुहासदादाबरोबर पाठवलेला कॅमेरा सुखरूप पोचला. मेतकूटही पोचलं, पण ते कॅमेऱ्याच्याच पिशवीत फुटलं होतं. पहिले दोन दिवस लेन्स बाहेर आली की सगळ्यांना मऊभाताची भूक लागायची.

बाबा, तुमच्या नातीचा, ओवीचा, आनंद गगनात मावत नाहीये. इथल्या पोरींना सध्या वीस वर्षांपूर्वीच्या डिजिटल कॅमेऱ्यांचं वेड लागलंय. फोनचे फोटो म्हणे फार स्वच्छ येतात. त्यांना हवेत फ्लॅशने पांढरेफटक पडलेले चेहरे, लाल डोळे आणि मागे मिट्ट काळोख. म्हणजे जे फोटो काढले म्हणून आई तुमच्याशी तीन दिवस बोलली नव्हती, तस्से.

पण कॅमेऱ्यात कार्ड नको? तुमचं 512 एमबीचं कार्ड आत होतं खरं, पण त्यावर कागद चिकटवून तुमच्या अक्षरात ‘ओवी बारसं. पुसू नये.’ असा हुकूम लिहिलेला. त्या हुकुमाबाहेर जाण्याची आमची छाती नाही. तेव्हा तुमच्या जावयांनी, मंदारने, ‘त्यात काय!’ म्हणत खणातून 64 जीबीचं मायक्रो एसडी कार्ड काढलं. हे कार्ड करंगळीच्या नखाएवढं, 15 बाय 11 मिलिमीटर, जाडी जेमतेम एक मिलिमीटर. कॅमेऱ्याची खाच मोठ्या कार्डाची, 32 बाय 24 ची. मग मंदारने ते नखुलं अडॅप्टरमध्ये सरकवलं, बापाच्या कोटात पोर शिरावं तसं, आणि कोटासकट आत ढकललं.

कॅमेरा म्हणाला, ‘कार्ड एरर’.

मग जे तुम्ही रेडिओला करायचात ते सगळं झालं. फुंकर मारली, शर्टाला पुसलं, पेन्सिल सेल बदलले, एक चापटही मारली. शेवटी मंदारने दुसरा एक अडॅप्टर सुरीने उकलून ओवीला दाखवला. आई, आत काहीही नाही! छोट्या कार्डाच्या आठ पट्ट्यांपासून मोठ्या कार्डाच्या नऊ पट्ट्यांपर्यंत नेलेल्या केसाएवढ्या तारा, बस्स. ना चिप, ना डोकं. मी म्हटलं, मग याच्याकडून अक्कल कसली अपेक्षिता?

रात्री एक वाजता मंदारला साक्षात्कार झाला. (मला उठवून सांगितला.) एसडी कार्डांच्या पिढ्या आहेत. मूळची दोन जीबीपर्यंतची. 2006 साली एसडीएचसी आली, ती 32 जीबीपर्यंत. 2009 मध्ये एसडीएक्ससी, तिची हद्द थेट दोन टीबी. अंगकाठी तिन्हींची एकच, पण लिपी निराळी. नवं यंत्र जुनी कार्डं वाचतं, जुन्या यंत्राला मात्र नवी वाचता येत नाहीत. तुमचा कॅमेरा 2005 चा. म्हणजे मोडीत मुरलेला कारकून, आणि आम्ही त्याच्यापुढे देवनागरीतलाही नाही, भलत्याच लिपीतला कागद धरून ओरडत होतो. अडॅप्टर बदलतो तो आकार. लिपी नाही.

तेव्हा शोध सुरू झाला दोन जीबीच्या कार्डाचा. दुकानातल्या पोराने ‘दोनशे का?’ असं विचारलं. ‘नाही रे, दोन,’ म्हटल्यावर त्याने माझ्याकडे आदराने पाहिलं, जुन्या वाड्याकडे पाहतात तसं. रविवारी सकाळी मैदानात लोक गाडीची डिकी उघडून घरातली अडगळ विकतात, तिथे गेलो. एका आजोबांकडे बटणांचा जुना फोन होता, त्याच्या पोटात दोन जीबीचं मायक्रो एसडी! सुटं कार्ड द्यायला ते तयार नव्हते, म्हणून दोन पौंडांना फोनच घेतला. त्या फोनच्या चार्जरसाठी तुमचे जावई पुढचे तीन रविवार हिंडत होते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! पण कार्ड चाललं, बाबा. पाच मेगापिक्सेलच्या फोटोला दोनेक एमबी धरले तर हजारभर फोटो मावतात. ओवी एका बैठकीत तेवढे काढते.

ऑगस्टच्या शेवटी बँक हॉलिडेला व्हिटबीला गेलो. समुद्र, टेकडीवर मोडका मठ, वर जायला 199 पायऱ्या. अर्ध्यावर कॅमेऱ्याने घोषणा केली, ‘कार्ड लॉक्ड’. अडॅप्टरच्या कडेला एक बारीक खिट्टी असते. ती पार सैल झालेली, आत ढकलताना आपोआप खाली सरकायची. गंमत अशी की ती खिट्टी कार्डाशी जोडलेलीच नसते. कॅमेऱ्याच्या खाचेतली एक काडी तिला चाचपते आणि कॅमेरा आपल्या समजुतीने लिहायचं थांबवतो. छोट्या बिचाऱ्या कार्डाला आपल्याला कुलूप लागल्याचा पत्ताच नसतो.

मंदारने खिट्टीच काढून टाकली. तरी ‘लॉक्ड’! कारण खिट्टी नसली की रिकामी खाच म्हणजेही कुलूपच. ती खाच बुजवायला त्यांनी माझ्या पर्समधली जखमेवरची पट्टी लावली. ती जाड, त्यामुळे कार्ड गेलं ते आतच अडकलं. 120व्या पायरीवर, मागे माणसांची रांग, डोक्यावर किंचाळणारे सीगल आणि तुमचा जावई भुवया कोरायच्या चिमट्याने कॅमेऱ्याचं बाळंतपण करतोय. हा फोटो मी फोनवर काढलाय, सोबत छापून पाठवतेय. शेवटी खाली उतरून एका दुकानात सेलोटेपचा नखभर तुकडा मागितला, खाचेवर चिकटवला आणि कॅमेरा सुरू. बाबा, रेशनकार्डापासून चष्म्यापर्यंत सगळं टेपने जोडता म्हणून मी तुम्हाला हसायचे. शब्द मागे घेते.

सेल काढले की कॅमेऱ्याचं घड्याळ 1 जानेवारी 2005 वर जातं. फोटोंवर तीच तारीख आलीय. म्हणजे आपली ओवी जन्माच्या पाच वर्षं आधीच व्हिटबीला जाऊन आली. तारीख दुरुस्त करू देत नाही, म्हणते हेच तर हवंय.

बारशाचं कार्ड साध्या कार्ड रीडरने लॅपटॉपवर उघडलं. एकूण 94 फोटो. त्यांपैकी 17 तुमच्या अंगठ्याचे, सहा गॅस सिलिंडरचे आणि एक विजेच्या मीटरचा. बाळाचे चार. आईचा एक सुंदर आलाय, हातात घुगऱ्यांचं ताट आणि तोंड ‘पुरे आता’ म्हणताना उघडं. तो ओवीने भिंतीवर लावलाय.

तुम्ही विचारलं होतं, एक टीबीचं मायक्रो एसडी तीनशे रुपयांत मिळतंय, घेऊ का? मुळीच नको. असली कार्डं आत असतात चिमूटभर आणि यंत्राला सांगतात डोंगर. खरी जागा भरली की नवे फोटो जुन्यांच्या उरावर बसतात. आणि खरं असतं तरी तुमच्या कॅमेऱ्याला चाललं नसतंच.

आता काम. आईच्या शिवणाच्या डब्यात तुमचे जुने फोन आहेत. त्यांतली दोन जीबीपर्यंतची सगळी कार्डं सुहासदादा डिसेंबरात परत येईल तेव्हा पाठवा. त्यांवर कागद चिकटवू नका. बारशाच्या कार्डाचा अर्धा कागद खाचेत राहिला होता, तोही त्याच चिमट्याने काढला. नावं पेनने लिहा.

आई, मेतकूट पुन्हा पाठव. वेगळ्या पिशवीत.

तुमची,
माधुरी