खूण करा, गुरुजी पास

नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांचे शिकवणे कसे, हे आता विद्यार्थीच ठरवतात. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचा पहिलाच प्रश्न : अभ्यासक्रम किती शिकवला? ‘85 ते 100 टक्के’वर खूण केली की गुरुजी पास. संवाद प्रभावी होता का, हेही विचारतात. कोणत्या भाषेत, हे मात्र नाही. घरी पावरी किंवा अहिराणी, दहावीपर्यंत मराठी, आणि प्रोग्रामिंगमधले पॉइंटर थेट इंग्रजीतून! अभ्यासक्रम संपला खरा, मुलापर्यंत पोचला की नाही हे सर्व्हरलाच ठाऊक.

मुले सढळ गुण देणाऱ्यालाच डोक्यावर घेतात, हा प्राध्यापकांचा आक्षेप खोटा नाही. पण प्रात्यक्षिकाचे गुण ज्यांच्या हाती, त्यांच्याबद्दल मुले दुसरे काय लिहिणार? नाव गुप्त राहते म्हणे. मोजक्या मुलांच्या वर्गात तक्रारीची भाषाच हजेरी देते.