सर्व्हर सुधारला, बाकी जैसे थे

ऑफिस २००३च्या काळी मोठ्या कचेऱ्यांत एक झकास योजना असे. सीडी घेऊन टेबलाटेबलाशी हिंडायचं नाही. सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरमध्ये एकच प्रत मांडायची, सगळ्या पीसींवर तिथूनच चढवायची. पॅच आला की त्या एका प्रतीला लावायचा. लावला, की सिस्टिमवाले साहेबांना कळवून मोकळे : ‘सगळीकडे अपडेट झालं.’

झालेलं काहीच नसे. मंत्रालयात जीआर निघावा आणि तालुक्याला जुन्याच नियमाने अर्ज परत यावेत, तसं. प्रत्येक पीसीवर सेटअप पुन्हा चालवून नवं पॅकेज गळी उतरवावं लागे. सेटअपच्या आज्ञेतलं ‘व्ही’ हे एक अक्षर गाळलं तरी पीसी जुनंच कवटाळून बसे. मग कधी नव्हे ते कुणी आधी न चढवलेलं एखादं फीचर मागितलं, की ते सर्व्हरवरून आणताना पडद्यावर तक्रार : फाइल सापडत नाही. आवक-जावकच्या बाईंना वाटे, व्हायरस! साहेबांच्या पीसीवर मात्र पहिल्याच दिवशी काम फत्ते. तपासणार तेच, मग आणखी काय हवं?

पुढे ८ एप्रिल २०१४ला मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००३ला पॅच देणंच बंद केलं, आणि कित्येक कचेऱ्यांचा अनुशेष एका दिवसात भरून निघाला.