चेंबरकाका

अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर, कुठल्याही गृहनिर्माण संस्थेत अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार निवडून यावे लागतात. चेंबरकाका स्वयंभू असतात. सकाळी फेऱ्या मारताना इतरांचं लक्ष पावलांच्या आकड्याकडे असतं, काकांचं गाड्यांच्या पोटाखाली. फरशीवर रुपयाएवढा काळा डाग दिसला की ते गुडघ्यावर हात ठेवून वाकतात, डागाला बोट लावतात, बोट नाकाशी नेतात आणि पुरते उभे राहायच्या आत निकाल देतात, ‘‘चेंबरचं पॅकिंग गेलंय.’’ गाडी कुठली, किती चालली, सर्व्हिसिंग कधी झालं, हे प्रश्न निकालानंतर येतात आणि तेही निव्वळ सौजन्य म्हणून. दुपारपर्यंत डागाचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झळकतो. संध्याकाळी गाडीचा मालक खालच्या मानेने गॅरेज गाठतो. इंजिनाच्या तळाशी तेल साठवणारी ती परात म्हणजे चेंबर, हे त्याला तिथेच पहिल्यांदा कळतं.

काकांना मोटार कळत नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांचं शिक्षण प्रीमियर पद्मिनीवर झालेलं असतं आणि ती कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची, म्हणजे उपनगराच्या घरचीच. त्या काळच्या इंजिनांत चेंबर आणि ब्लॉक यांच्यामध्ये कॉर्कचं पॅकिंग सर्रास असे. उष्णतेने कॉर्क वाळे, आक्रसे, कडक होई आणि तेल आपली वाट काढी. त्या दिवसांत चेंबरवर संशय घेणं शहाणपणाचंच होतं. पुढे पद्मिनीचं उत्पादन थांबलं. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून तिची टॅक्सीही गेली. काकांचं निदान मात्र फिटनेस सर्टिफिकेटशिवाय अजून रस्त्यावर आहे. जिथे तेल दिसलं तिथूनच ते गळतंय, असं ते धरून चालतात. सगळा घोळ या एका गृहीतकात आहे.

चेंबर इंजिनाच्या अगदी तळाशी असतं, त्यामुळे वरच्या प्रत्येकाचं पाप शेवटी त्याच्याच कडेवर येऊन लोंबतं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग कडक झालं, ऑइल प्रेशरचा स्विच पाझरू लागला, ऑइल फिल्टर नीट बसला नाही किंवा क्रँकचं पुढचं सील झिजलं, तरी तेल ब्लॉकवरून ओघळत खालीच येणार. गाडी चालू असताना वारा ते आणखी मागे ढकलतो. मागच्या ऑइल सीलची गळती इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून टपकते. कधी तर सर्व्हिसिंगच्या वेळी ड्रेन बोल्टचा वायसर बदलायचा राहिलेला असतो, तेवढंच. ही उतरंड काकांना समजू नये याचं नवल वाटतं, कारण बाथरूमच्या छताला ओल आली की ते तडक वरच्या मजल्याची बेल वाजवतात. पाणी वरून खाली येतं हा नियम घरात त्यांना तोंडपाठ असतो. पार्किंगमध्ये उतरताना तो बहुधा लिफ्टमध्येच राहतो.

यावर काकांचा बचाव तयार असतो, ‘‘पॅकिंग कितीचं येतं हो? बदलून टाकायला काय हरकत आहे?’’ हरकत पॅकिंगच्या किमतीची नसून ते बदलण्याच्या खटाटोपाची आहे. लहान गाडीचंही तीन-चार लिटर तेल काढावं लागतं. काही गाड्यांत सायलेन्सरचा पाइप सोडवल्याशिवाय चेंबर खाली येतच नाही. मग जुनं पॅकिंग खरवडायचं, तेही ॲल्युमिनियमवर ओरखडा न उठवता, आणि दोन्ही पृष्ठभाग तेलाचा अंश न ठेवता पुसायचे. नव्या अनेक इंजिनांत कापीव पॅकिंग नसतंच, तिथे सिलिकॉनची रेघ ओढतात. हवेतल्या ओलाव्याने ती घट्ट होते आणि पुरती पक्की व्हायला साधारण एक दिवस घेते. गिऱ्हाइकाला मात्र गाडी संध्याकाळीच हवी असते. ‘जास्त लावलेलं बरं’ म्हणून जाड रेघ ओढली, तर आत दाबला गेलेला तुकडा सुटून तेलाच्या पंपाच्या जाळीत अडकू शकतो. पत्र्याच्या चेंबरचे बोल्ट तर बोटभर. ते मधून बाहेर, आलटून पालटून, ठरलेल्या जोरानेच आवळायचे असतात. ‘घट्ट म्हणजे चांगलं’ या न्यायाने दांडगाई केली की भोकांभोवतीची कड वाकते आणि तोवर धडधाकट असलेलं चेंबर खरोखरच गळू लागतं. काकांचं निदान असं उपचारानंतर खरं ठरतं, आणि ‘‘मी म्हटलं नव्हतं?’’ हे वाक्य त्यांना हक्काने मिळतं.

त्यातून इंजिनाचा ब्रीदर तुंबलेला असेल तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पिस्टनजवळून निसटलेला वायू बाहेर पडायला वाट नसली की आत दाब वाढतो आणि मिळेल त्या सीलमधून तेल ढकलतो. एक पॅकिंग बदललं की तो दुसरं शोधतो. काका तेही ओळखतात, फक्त दर वेळी चेंबर म्हणून. पावसाळ्याच्या दमट हवेत एसी लावल्यावर गाडीखाली साचणारं स्वच्छ पाणीसुद्धा त्यांच्या बोटातून आणि नाकातून सुटत नाही.

कधी कधी काका बरोबर असतात, हे मान्य करायला हवं. गाडी खालून आपटली की चेंबर चेपतं, फाटतं, पॅकिंग सरकतं. पण मग गाडी कशावर आपटली, हेही विचारायला हवं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीप्रमाणे गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे गाडी त्यावर हळूच चढेल आणि हळूच उतरेल. सोसायटीच्या फाटकापाशी जी सिमेंटची वरवंट्यासारखी वळकटी पडलेली असते, तिची रुंदी जेमतेम हातभर आणि उंची ठेकेदाराच्या मर्जीवर. पाच माणसं आणि गावाहून आणलेलं तांदळाचं पोतं घेतलेली गाडी तिच्यावर पोट घासल्याशिवाय आत येत नाही. मुलं खेळतात म्हणून ती वळकटी घालण्याचा ठराव कोणी मांडला होता, हे सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात पाहावं. सूचक म्हणून बहुतेक वेळा काकांचंच नाव सापडेल.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. काका निदान बघतात तरी. मालक तर गाडीखाली ढुंकूनही पाहत नाही. हे शंभर टक्के खरं आहे. तेल किमान पातळीच्या खाली जात राहिलं तर बेअरिंग कोरडी पडतात, इंजिन जाम होतं आणि मग जो खर्च येतो त्यापुढे पॅकिंगचा खर्च चहापाण्याचा वाटावा. डाग दाखवण्याचं श्रेय काकांना द्यायलाच हवं. तक्रार त्यांच्या नजरेबद्दल नाही, नजर आणि निकाल यांच्यामध्ये अंतरच नसण्याबद्दल आहे. गळती शोधणं हे सावकाशीचं काम आहे. इंजिन धुवायचं, कोरडं करायचं, संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरायची, गाडी थोडी फिरवून आणायची आणि टॉर्च घेऊन सगळ्यात वरची ओली रेघ शोधायची. त्यानेही भागलं नाही तर तेलात रंगद्रव्य घालून अतिनील दिव्याखाली पाहतात. जिथून तेल सुटतं तिथे ते चमकतं. पण एवढा वेळ कोणाला हवा असतो? मालकाला आज उत्तर हवं, गॅरेजवाल्याला आज काम हवं आणि ग्रुपला आज गुन्हेगार हवा. काका या तिघांची सोय करतात, म्हणून ते टिकून आहेत.

तेव्हा उद्या काकांनी तुमच्या गाडीखाली बोट दाखवलं, तर त्यांचे मनापासून आभार माना आणि त्यांच्यासमोरच डिपस्टिक काढून तेलाची पातळी बघा. ती कमी असेल तर आधी तेल भरा. मग टॉर्च काकांच्याच हातात द्या आणि चेंबर खोलायच्या आधी बोनेट उघडा.