वायफायची पाणपोई

२०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली, तेव्हा शेजाऱ्याला गुंडभर पाणी देतानाही यवतमाळकराचा हात आखडत होता. तोच यवतमाळकर आज वायफायच्या बाबतीत कर्ण झाला आहे. "काऊन जी, पासवर्ड काय?" असं कुणी विचारायचा अवकाश, दहा आकडे हजर! कारण पासवर्ड म्हणजे मालकाचाच मोबाईल नंबर. जोडणी करायला आलेल्या पोरानं घाईत टाकून दिलेला. तोच नंबर दुकानाच्या पाटीवर आहे आणि घरच्या लग्नपत्रिकेतही.

कापूस घरात भरला की आपण दाराला दोन कुलपं लावतो. वायफायला एकही नाही. कारण ते कुणी नेलं तरी गंजी कमी झालेली दिसत नाही.

"पोरं ओट्यावर बसून मॅच पाहतात, बिघडलं कुठं?" म्हणणाऱ्यांनी सानपाडा आठवावा. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी धमकीचा ईमेल सुटला होता. माग काढत पोलीस पोचले नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका फ्लॅटवर. तिथं राहत होता एक अमेरिकी भाडेकरू, आणि त्याचं वायफाय उघडं होतं. मेल धाडणारे ते वापरून पसार झाले. चौकशीचा ससेमिरा मात्र याच्यामागे लागला.

इलाज अर्ध्या तासाचा आहे. राउटरच्या पाठीवर छापलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाका. नाव ‘ॲडमिन’ आणि पासवर्डही ‘ॲडमिन’ चालला, तर आधी तो बदला. शेजारच्या नववीतल्या पोरालाही तो ठाऊक असतो. सुरक्षा डब्ल्यूपीए-३ ठेवा, नसेल तर डब्ल्यूपीए-२. जुनं डब्ल्यूईपी २००१ पासूनच चाळणी ठरलेलं आहे. नुसतं बटण दाबून जोडणारं डब्ल्यूपीएस बंद करा. वायफायचा पासवर्ड म्हणून चार-पाच असंबद्ध शब्दांची माळ घ्या. मोबाईल नंबर नको, पोरीचं नावही नको. आणि पाहुण्यांना गेस्ट नेटवर्क द्या. ओसरी वेगळी, माजघर वेगळं, हे तर आपल्या आजीलाही कळत होतं.

आल्यागेल्याला पाणी विचारायचं आपलं वळण चांगलंच आहे, ते सोडू नका. एवढंच ध्यानात ठेवा: पोलीस मेल धाडणाऱ्याकडे नंतर जातात, आधी बिल भरणाऱ्याच्या दारात येतात.