मनाईतलं मन

अजिंठ्याला निघालं की पहिली मनाई फर्दापूरच्या फाट्यावरच भेटते. खासगी गाडी पुढे न्यायची नाही. उरलेले चारेक किलोमीटर बसने जायचं. लेण्यांत शिरताना मग पाट्याच पाट्या. चपला बाहेर, फ्लॅश नको, भिंतीला हात नको. 'सक्त मनाई' वाचलं की आपण काहीतरी केलंच असणार, असं मला शाळेपासून वाटत आलंय.

हा शब्द मनातून निघाला असावा, अशी माझी भाबडी समजूत होती. मन आवरायचं म्हणून मनाई! निघाला अरबी. 'मनअ' म्हणजे अडवणं. फारसीच्या बोटाला धरून तो दरबारात आला, तिथून कोर्टात. बांधाच्या भांडणात भाऊ भावावर 'मनाई हुकूम' आणतो, तो हाच. त्याच्याबरोबरचा 'सक्त' फारसी, 'हुकूम' पुन्हा अरबी. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाचा, कचेरी उर्दूची, त्यामुळे इथे तर तो घरचाच.

संस्कृत 'निषेध' आपल्याकडे होता, पण त्याने केव्हाच नोकरी बदलली. पूर्वी तो वाट अडवायचा, आता मोर्चात घोषणा देतो. 'येथे थुंकण्याचा निषेध' अशी पाटी लावली, तर थुंकणारा 'आमचाही!' म्हणत पुढे जाईल.

दहाव्या लेण्यातल्या खांबावर जॉन स्मिथ या गोऱ्या अधिकाऱ्याने आपलं नाव कोरलंय, 28 एप्रिल 1819. तेव्हा पाटी नव्हती, म्हणून त्याला सोडून देऊ. आज पाटी आहे, तरी रखवालदाराच्या शिटीला उसंत नाही.

गंमत पुढेच आहे. बौद्ध भिक्खूंचे नियम सांगणाऱ्या पाली विनयपिटकातल्या चुल्लवग्गात विहारांमध्ये स्त्री-पुरुषांची चित्रं काढवून घ्यायला मनाई आहे, वेलबुट्टी चालते. सगळ्या पंथांचे नियम एकसारखे नव्हते, हे खरं. पण पहिल्या लेण्यात मान वर करावी तर छतावर वेलबुट्टी, आणि खाली भिंतीवर राजे, राण्या, नर्तकी! तो नियम इथे अक्षरशः पाळला असता, तर आपण इतक्या लांबून पानंफुलं बघायला आलो असतो. तेव्हा न पाळलेल्या मनाईचं वैभव टिकावं म्हणून आता आपण पाटीवरची मनाई पाळायची.

म्हणून व्युत्पत्ती काहीही सांगो, मनाईतलं मन मला खोडवत नाही. पाटी भिंतीवर असते, पाळायची मनानेच. मनाला न विचारता शंभर टक्के पाळली जाणारी मनाई इथे एकच आहे: सोमवारी लेणी बंद असतात.