हौसेची खुरपणी

लंडनमध्ये सेक्रेटरीची नोकरी करणाऱ्या सू कॉपर्ड यांनी 1971 साली शनिवार-रविवारी सेंद्रिय शेतावर जाऊन राबण्याची टूम काढली. पहिली तुकडी ससेक्सला गेली. पुढे याचीच जगभर पसरलेली ‘वूफ’ चळवळ झाली. रोज चार-सहा तास खुरपायचे, बदल्यात जेवण आणि झोपायला जागा. मजुरी नाही, उलट सभासदत्वाची वर्गणी भरायची! शेतमजुराकडून हेच करून घेतले तर वेठबिगारी, पदवीधराने केले की ‘अनुभव’.

ऑस्ट्रेलियाने या अनुभवाला व्हिसाची जोड दिली. भटकंती आणि काम अशा दुहेरी व्हिसावर आलेल्या तरुणाला दुसरे वर्ष हवे असेल, तर बहुतेकांना आडगावात तीन महिने फळतोडणीसारखे ठरावीक काम करावे लागते. पूर्वी बिनपगारी दिवसही हिशेबात धरत. साहजिकच काही बागमालकांना स्वयंसेवेचे भारी प्रेम फुटले. अखेर डिसेंबर 2015 पासून सरकारने पगाराची पावती मागायला सुरुवात केली.

आता भारतीयांनाही या व्हिसाच्या वर्षाला 1,000 जागा आहेत, त्याही सोडतीने. गावच्या बांधावर कधी न फिरकलेल्या चिरंजीवांचा नंबर लागलाच, तर त्यांनी सेल्फीआधी मजुरीचा दर लेखी मागून घ्यावा.